खुर्ची वळवून बसलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही छापायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आमची संस्था परळची. केईएम आणि टाटामध्ये उपचारांसाठी गावाकडून येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक यांच्या राहण्या-जेवणाची सोय आम्ही बघतो. कोण कुठून आलं, कुठली खोली, औषधांसाठी किती मदत दिली, पुढची तारीख कधी, हे सगळं तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या एका सर्व्हरवर होतं. पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेला हिंदमाता चौक इथून हाकेच्या अंतरावर. जून लागला की आम्ही तो सर्व्हर उचलून टेबलावर ठेवायचो. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा तर पेशंटची यादी आठवून आठवून वहीत लिहून काढली होती.

तुमच्या आधी हा सर्व्हर सांभाळण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. वर्षाच्या वर्षाला एएमसीचे, म्हणजे देखभालीच्या कराराचे, पैसे चोख घ्यायचे. बॅकअप रोज होतो, असं छातीठोकपणे सांगायचे. होत होता, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर! डिस्क गेली असती तर मूळही गेलं असतं आणि प्रतही. ती प्रत उघडून पाहण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. डेटाबेसचा रूट, म्हणजे सगळे अधिकार देणारा, पासवर्ड मागितला की उत्तर ठरलेलं, "तुम्हाला कशाला लागतो?" आमच्या पेशंटची माहिती, आमच्याच खोलीत, आणि किल्ली त्यांच्या खिशात. क्लाउडवर नेऊ म्हणाले, तेही स्वतःच्या खात्यात. म्हणजे बिल त्यांच्यामार्फत आणि ताबाही त्यांचाच. आम्ही नकार दिला, आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

तुम्ही आलात आणि सर्व्हरला हात लावण्याआधी आमच्याकडून लेखी परवानगी मागितलीत. तिथेच मला फरक कळला.

कामाचा सगळा तपशील इथे देत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडवर, त्यांच्या मुंबई रीजनमध्ये, आरडीएस नावाच्या डेटाबेस सेवेवर नवा डेटाबेस उभा राहिला, एवढं पुरे. पण तिथलं घड्याळ मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुम्ही रजिस्टरवर बसणाऱ्या मावशींना विचारलंत, "सगळ्यात लवकर नोंद किती वाजता होते?" मावशी म्हणाल्या, "चार, साडेचार. पहाटेच्या गाडीनं दादरला उतरतात ना." घड्याळ तसंच राहिलं असतं तर साडेपाचच्या आत आलेला प्रत्येक पेशंट आदल्या दिवसात जमा झाला असता आणि नाश्त्याची ताटं रोज कमी पडली असती. हे तुम्हाला मावशींशी बोलून कळलं.

नावांचंही तेच. जुन्या टेबलांत मराठी अक्षरं चुकीच्या कॅरॅक्टर सेटमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या चुकीच्या पद्धतीत, कोंबलेली होती. नव्या डेटाबेसमध्ये आणल्यावर काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसायला लागली. ओळींची संख्या जुळत होती, दुसऱ्या कुणी काम झालं म्हणून बिल लावलं असतं. तुम्ही म्हणालात, "पेशंटच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह असून कसं चालेल?" आणि डेटा पुन्हा पहिल्यापासून चढवलात. मावशींना शेजारी बसवून नावं मोठ्यानं वाचून घेतलीत.

एक बंद पडला तर दुसरा चालावा म्हणून दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, जुळा डेटाबेस ठेवायचा तर खर्च जवळपास दुप्पट. तुम्ही विचारलंत, "तासभर बंद राहिलं तर वहीवर भागेल का?" भागेल म्हटल्यावर ते कलम स्वतःच खोडलंत. आमच्याकडे येणारा पैसा देणगीचा आहे, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही.

पण हे पत्र लिहावंसं वाटलं ते शेवटच्या संध्याकाळमुळे. ॲमेझॉनचं खातं आधीच संस्थेच्या नावावर होतं. डेटाबेसचा मास्टर पासवर्ड बदलायचा होता. आमच्या ऑफिसातल्या मुलीला तुम्ही स्वतःच्या जागेवर बसवलंत आणि तुमची खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसलात. "झालं की सांग." ती बिचारी म्हणत होती, "ताई, तुम्ही बघितलं तरी चालेल." तुम्ही वळला नाहीत. मग तिला वापरकर्त्यांच्या यादीतलं तुमचं नाव काढायला लावलंत. काढताना खात्रीसाठी ते नाव टाइप करावं लागतं. एकेक अक्षर टाइप करताना तिचा हात अडखळत होता. तुम्ही म्हणालात, "माझं नाव राहिलं तर उद्या तुम्ही मला विचारल्याशिवाय काही करणार नाही. काढ." मी दारात उभा होतो. खरं सांगतो, डोळे भरून आले.

ज्याच्या हाती किल्ली असते त्याच्यापुढे माणसं वाकतात, आणि त्या वाकण्याची चटक लागलेले लोक आम्ही वर्षानुवर्षं पाहिले. ज्ञान आहे म्हणून अडवून धरायचं नाही, समोरच्याला शहाणं करून बाजूला व्हायचं, ही माणुसकी कुठल्या सर्टिफिकेटात मिळत नाही. ती तुमच्याकडे आहे. तुम्हाला घडवणाऱ्या आई-वडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

तुम्हाला कळवायचं राहिलं. त्या मुलीनं परवा एकटीनं रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा, करून पाहिलं. गेल्या ३५ दिवसांतली हवी ती वेळ निवडता येते म्हणून तिनं मुद्दाम एका सोमवारची पहाट निवडली. वेगळा डेटाबेस उभा राहिला, मावशींनी नोंदी ताडून पाहिल्या, सगळ्या जागेवर होत्या. झाल्यावर तो तात्पुरता डेटाबेस आठवणीनं काढूनही टाकला, उगाच बिल नको म्हणून.

आणि एक विनंती. आमच्याच गल्लीतल्या आणखी एका संस्थेचा पासवर्ड असाच कुणाच्या तरी खिशात अडकला आहे. त्यांना तुमचा नंबर देऊ का? तुमचं "हो" आल्याशिवाय देणार नाही.

आपला,
कार्यवाह, परळ