चाळीस काड्या दवणा

वेंगुर्ला, १८ मे

प्रिय सुध्या,

फ्रान्सातल्या ग्रेनोबलहून धाडलेली जेनेपीची, म्हणजे तिथल्या डोंगरी वनस्पतीच्या दारूची, बाटली चैत्रातच पोचली. पत्राला उशीर का झाला ते पुढे कळेलच.

बूच उघडताच बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, "अरे, हो दवणो मा!" मी हसलो. पण शोधलं तर म्हातारा बरोबर. जेनेपीची वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली, फक्त दोन हजार मीटरच्या वर खडकांच्या फटीत उगवणारी.

तुझ्या घरमालकीणबाईंचा जेनेपी करायचा हिशेब फारच आवडला: वनस्पतीच्या ४० काड्या, ४० साखरेचे खडे, ४० दिवस आणि ४० टक्क्यांची लिटरभर दारू. लगेच आईची लोणच्याची बरणी लंपास केली (तिला बोलू नकोस), देवाला वाहायचा दवणा सावलीत सुकवला आणि गोव्याहून आणलेल्या फेणीत बुडवला. बरणी काचेची, ठेवली खिडकीत. आठवडाभर काय हिरवा रंग होता, सांगू! मग उन्हाने सगळा उडाला, मातकट पाणी उरलं. चाळिसाव्या दिवशी बाबांनी चमचाभर चाखली आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात फेणीच बोलता, दवणो खंय?"

खरंच. काजूच्या बोंडूचा वास कुणाला बोलू देतो? तुमच्याकडे बिनवासाची दारू का घेतात ते बरणीभर फेणी नासल्यावर उमगलं.

मग बाबांतला जुना वैद्य जागा झाला. अरिष्टाला, म्हणजे आंबवलेल्या आयुर्वेदिक काढ्याला, बाहेरून दारू लागतच नाही म्हणाले. काढा उकळून गार करायचा, गूळ घालायचा आणि वर धायटीची फुलं. फाल्गुनात आंबोली घाटात ती लालभडक झुडपं दिसतात ना, तीच. त्या फुलांनी काढा आंबतो आणि महिनाभरात मद्य आपसूक तयार होतं. शार्त्रूझ या तुमच्याकडच्या दारूची १३० वनस्पतींची कृती फक्त दोघा साधूंना ठाऊक असते, असं मी ऐटीत सांगितलं. त्यावर म्हणाले, "आमच्या दशमूलारिष्टात पन्नासाच्या वर जिन्नस, आणि भैषज्य रत्नावली या आयुर्वेदाच्या ग्रंथात उघड छापलेले!"

तर बाईंना एवढं विचार: काड्या ताज्या घालतात की सुकवलेल्या? आणि बरणी अंधारात ठेवतात ना? पावसाआधी कळव. दवणा थोडा शिल्लक आहे. तुझी बाटली मात्र नाही. बाबा रोज जेवल्यावर 'औषध' घेतात.

तुझा,
बाळ्या