तिशीत पहिला सामना

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

डेझिरी एलिस कोण, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. दोन ओळींत उत्तर देणे जमेना, म्हणून हे सविस्तर पत्र.

एलिसबाईंचा जन्म १९६३ सालचा, केपटाऊनच्या सॉल्ट रिव्हर भागातला. गल्लीतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळत त्या वाढल्या, पण वर्णभेदी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेला फिफाने बाहेर ठेवलेले असल्याने देशाकडून खेळण्याची वाटच बंद होती. १९९२ मध्ये ती खुली झाली आणि १९९३ च्या मे महिन्यात देशाच्या महिला फुटबॉल संघाने, म्हणजे ‘बान्याना बान्याना’ने (अर्थ ‘मुली मुली’), स्वाझीलँडला १४-० असे हरवले. त्या संघात खेळणाऱ्या एलिसबाई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. मांसाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मसाले कालवण्याची त्यांची नोकरी मात्र याच सामन्याच्या पायी गेली! पुढे त्या कर्णधार झाल्या आणि २००२ पर्यंत खेळल्या.

२०१४ पासून त्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षक होत्या. २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकनंतर, हंगामी म्हणून सूत्रे हाती आली, ती २०१८ मध्ये कायम झाली. दीड वर्ष कोणाला ‘हंगामी’ ठेवावे, हे मला अजून पटलेले नाही. त्याच वर्षी आफ्रिकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत नायजेरियाने पेनल्टींवर हरवले. खेळाडू म्हणून २००० मध्येही अंतिम सामन्यात नायजेरियाच आडवा आला होता. अखेर २०२२ मध्ये रबातला, यजमान मोरोक्कोला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर २-१ नमवून, हिल्डा मगाइयाच्या दोन गोलांच्या बळावर, करंडक हाती आला.

आता मी तुला वेलिंग्टनला नेते. २०२३ चा विश्वचषक, समोर इटली, जिंकले तरच बाद फेरी. २-२ अशी बरोबरी झालेली, नव्वद मिनिटे उलटून गेलेली. भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला मगाइयाने चेंडू गोलसमोर सरकवला आणि थेम्बी क्गाटलानाने तो जाळ्यात ढकलला. दक्षिण आफ्रिकेच्या महिलांचा विश्वचषकातला हा पहिलाच विजय. २०१९ मध्ये तिन्ही सामने गेले होते. पुढच्या फेरीत नेदरलँड्सने त्यांना २-० हरवले, पण माझ्या डोळ्यांसमोर वेलिंग्टनच आहे.

त्या गोलची चित्रफीत मिळाली तर अवश्य पाहा, आणि मग मला लिही.

तुझी,
मंगल