नाताळची सजावट कोणत्या कप्प्यात टाकणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंदूरच्या कचरागाडीत कचरा सहा प्रकारांनी वेगळा घेतला जातो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. नाताळ आटोपल्यावर घराघरांतून निघणारा बराचसा ऐवज यांतल्या एकाही कप्प्यात धड बसत नाही. चमकी लावलेला तारा म्हणजे पुठ्ठा, डिंक आणि ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पॉलिएस्टर यांची खिचडी. ती निवडत कोण बसणार? तेव्हा 'हे कोणत्या कप्प्यात जाईल?' हा प्रश्न दुकानातच विचारावा. उत्तर सापडलं नाही, तर वस्तू तिथेच राहू द्यावी.

ताऱ्याचं म्हणाल, तर आकाशकंदील करणाऱ्या घराला तो विकत आणायची गरजच नाही. बांबूच्या दोन फुटी दहा कामट्या घ्याव्या. पाच-पाच कामट्या एकमेकींत ओवून दोन चांदण्या कराव्या, सांधे सुती दोऱ्याने बांधावे. मग दोन्ही चांदण्यांची पाची टोकं एकत्र बांधून आतल्या पाच फुल्यांमध्ये सहा-सहा इंचांचे आडवे तुकडे बसवावे, की तारा फुगतो. कामटी जाड असेल तर ती वाकत नाही आणि टोकं सुटतात. म्हणून आधी तासून घ्यावी. संक्रांतीच्या तोंडावर पतंगी कागद मिळतोच. तो मैद्याच्या खळीने चिकटवावा आणि ओला असताना ताणू नये, फाटतो. वाळताना तो आपोआप ताठ होतो. जिलेटिन नको. वर आणि खाली दोन बोटं फट ठेवून आत पाच वॅटचा एलईडी लावावा. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा कागद करपवतो. सण झाला की कागद सुक्या कचऱ्यात टाकायचा आणि सांगाडा दिवाळीसाठी माळ्यावर.

येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यावर थर्माकोलचे मणी भुरभुरवून बर्फ करतात. माळव्यात बर्फ कशाला हवा, हे एक कोडंच आहे. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. गोव्यात गोठ्यापुढे नाचणीची हिरवळ उगवतात. आपल्याकडे नवरात्राच्या घटाचा गहू तेच काम करतो. गहू रात्रभर भिजवून पसरट भांड्यात इंचभर मातीवर दाट पेरावा. अश्विनात आठवड्यात होणारं काम डिसेंबरच्या थंडीत लांबतं, म्हणून ११-१२ तारखेलाच पेरणी करावी. पाणी फक्त शिंपडावं. साचलं तर बुरशी येऊन वास सुटतो. देखाव्यातला पेंढा नंतर गायीला घालता येतो, पण त्यावर रंग किंवा चमकीचा कणही नसेल तरच.

भेटवस्तूचा कागद मुठीत चुरगळून पाहावा. मूठ उघडल्यावर तो पुन्हा पसरला, तर त्यात प्लास्टिक आहे.

पार्टीला पळसाच्या पत्रावळी उत्तम. चंदेरी द्रोणांवर मात्र प्लास्टिकचा पापुद्रा असतो. इंदूरच्या देवगुराडियातल्या कचरा प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याची सोय आहे. उरल्या केकबरोबर असले द्रोण आणि चमकी तिथे पोचू नयेत.

नाताळच्या झाडासाठी कुंडीतला अरोकॅरिया, म्हणजे सूचिपर्णी शोभेचं झाड, घ्यावा. नर्सरीत त्याचा मधला शेंडा आधी पाहावा. तो मोडलेला असेल तर झाड पुन्हा सरळ वाढत नाही. वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी द्यावं, नाहीतर मुळं कुजतात. खालच्या फांद्या एकदा गळल्या की पुन्हा फुटत नाहीत, त्यामुळे त्यांवर जड गोळे टांगू नयेत. आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी, झाड उजेडाकडे कलत नाही. घरात आधीच पीव्हीसीचं झाड असेल, तर हौसेने ते टाकून देऊ नये. तार आणि प्लास्टिक इतकी एकजीव असतात की भंगारवालाही ते घेत नाही. मोडेपर्यंत तेच वापरावं. बिघडलेली दिव्यांची माळ मात्र प्लास्टिकमध्ये नव्हे, ई-कचऱ्यात द्यावी.

— एक वाचक, इंदूर