बाबांच्या झिंकच्या गोळ्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबांचा रिपोर्ट आणि आईने पाठवलेला बाटलीचा फोटो, दोन्ही नीट पाहिले. झिंक कमी आलंय हे खरं, पण त्याच पानावर सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेला आहे, तिकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. अंगात सूज असली की यकृत रक्तातलं झिंक स्वतःकडे ओढून घेतं आणि आकडा खाली येतो. शरीरातला साठा तेवढाच घटलाय असं नाही. तांब्याचं उलट, सुजेत ते वाढलेलं दिसतं. अर्थात बाबांच्या कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेत, जुलाबावाटे झिंक जातंच, त्यामुळे कमतरता नसेलच असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरांनी झिंक आणि सीआरपी, दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवावं.

बाटलीवर ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर गुणकारी’ असं छापलंय. ते अगदीच हवेतलं नाही. कोलायटिसमध्ये आतड्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमतात आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सोडतात. जंतूंवर व्हायचा तो मारा अस्तरावरच होतो. त्याला आवर घालणाऱ्या एन्झाइम्सना ही खनिजं लागतात: एकाला झिंक आणि तांबं, दुसऱ्याला सेलेनियम, तिसऱ्याला लोह. पण उणीव भरून काढणं वेगळं आणि भरपूर घेतलं की सूज उतरेल असं धरून चालणं वेगळं.

आई, फोटो मोठा करून बघ. एका गोळीत 50 मिलिग्रॅम झिंक, आणि तू देतेस दोन. मोठ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा साधारण 40 धरतात. महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर झिंक तांब्याचं शोषण अडवतं; मग हिमोग्लोबिन उतरतं, पायांना मुंग्या येतात. बाबांचं हिमोग्लोबिन आधीच कमी. (सोबत सेलेनियमही आहे. ते अति झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात.)

लोहाच्या गोळ्याही परस्पर आणू नका. सूज असताना लोह नीट शोषलं जात नाही, आणि आतड्यात उरलेलं लोह त्याच आक्रमक रेणूंना खतपाणी घालू शकतं. म्हणून अशा वेळी बरेचदा ते शिरेतून देतात. शिवाय गोळीने शौच काळी होते. मग हा गोळीचा रंग की आत रक्त पडतंय, हा नवा घोर.

बाबा, बरं वाटतंय म्हणून मेसालामाइन (आतड्याच्या सुजेवरचं औषध) मात्र सोडू नका, सूज त्यानेच आवरून धरलीय. तपासणीला जाताना ही बाटली बरोबर न्या, आणि काय ठरलं ते त्याच दिवशी कळवा.

तुमची लेक