बंदूक निवडताना रात्री घरी कोण असतं ते बघा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेतवस्तीवरच्या चोऱ्यांच्या बातम्या येऊ लागल्यापासून आमच्या भागात बंदुकीच्या परवान्याचा विषय पुन्हा निघाला आहे. भीती खोटी नाही. भाव चढेल या आशेवर ज्यांनी कापूस विकला नाही, त्यांची वर्षाची कमाई घरातल्या एका खोलीत भरलेली आहे आणि ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण चर्चा भलत्याच वाटेने चालली आहे. गावातले पोट्टे मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि पारावर एकमेकांना सांगतात की घराच्या रक्षणाला सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनसारखी (चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी छऱ्यांची बंदूक) दुसरी बंदूक नाही, सरकारने ती मोकळी केली पाहिजे. कोणती कंपनी, किती काडतुसं, किती वेगाने, एवढंच बोलणं. ती रात्री कोणाच्या हातात असणार, हे कोणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे.

मी समुद्रपूर तालुक्यातली शेतकरी. आमचं घर गावाबाहेर, वावरातच आहे. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप) दुनळी बंदुकीचा परवाना माझ्या नावावर आहे. आधी तो यजमानांच्या नावावर होता. ते गेल्यावर मी वारस म्हणून अर्ज केला, तेव्हा एका कचेरीत मला सांगण्यात आलं, "बाई, मुलाच्या नावावर करून घ्या ना." मी म्हटलं, मुलगा रात्री घरी नसतो. हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायचं तर शेतीची लाइन बरेचदा रात्रीच येते, तेव्हा तो मोटरीवर असतो. लाइन नसली तर रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) जागलीला असतो. घरात मी, सून आणि दोन लहान नातवंडं. परवाना मुलाच्या नावावर असता तर बंदूक एक तर त्याच्यासोबत मचाणावर असती, नाही तर आमच्या घरात कुलपात, आणि तिला हात लावायचा हक्क आम्हा दोघींपैकी कोणालाच नसता. विदर्भातल्या किती घरांत आज हेच चित्र आहे! परवाना गड्याच्या नावावर, रात्र बाईच्या वाट्याला.

आता त्या सेमी-ऑटोमॅटिकबद्दल. माझी लेक टेक्सासात राहते. तिने घरासाठी बंदूक घेतली तेव्हा मी तिच्यासोबत दुकानात होते, म्हणून चार गोष्टी जवळून बघायला मिळाल्या. दुकानदाराने आधी बेनेलीची एम-४ दाखवली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या मरीन सैन्याने निवडलेली ही बंदूक, मजबूत, आणि तशीच जड व महाग. लेकीने खांद्याला लावली आणि परत ठेवली. मग रेमिंग्टन ८७० आली, हाताने पुढेमागे ओढायची, पंपवाली. ती स्वस्त आणि भरवशाची, पण प्रत्येक बारानंतर पुढचा दांडा पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे न्यावा लागतो. घाबरलेला माणूस तो अर्धवट ओढतो आणि दुसरं काडतूस वर येतच नाही. शेवटी तिने बेरेटाची १३०१ घेतली. कारण साधं होतं : दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) मुळात आखूड, लेक माझ्यासारखीच बुटकी, आणि ती गॅसवर चालणारी असल्याने धक्का कमी.

हा धक्क्याचा मुद्दा खरा आहे आणि मी तो नाकारणार नाही. गॅसवाल्या बंदुकीत काडतूस उडाल्यावर तयार झालेल्या वायूतला थोडा भाग नळीच्या छिद्रातून खाली जातो आणि दट्ट्या मागे ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस आत बसतं. या कामात धक्का थोडा लांबतो, खांद्याला एकदम हिसका बसत नाही. माझ्या दुनळीचा बार काढला की खांदा दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत राहतो. म्हाताऱ्या माणसाला किंवा बारीक अंगाच्या बाईला हा फरक मोठा आहे. दुसरा प्रकार नुसत्या धक्क्याच्या जोरावर चालणारा, बेनेलीच्या बऱ्याच बंदुकांसारखा. त्यात भाग कमी आणि काजळी कमी, पण बंदूक खांद्यावर घट्ट बसलेली नसली किंवा काडतूस हलकं असलं, तर ती अडकू शकते. मध्यरात्री उठून, अर्धवट झोपेत, दाराआडून कोण बंदूक शास्त्रशुद्ध धरणार आहे?

टेक्सासात लेकीची निवड बरोबर होती. तिथे तिला हवं ते काडतूस दुकानात मिळतं. घराजवळ सरावाची जागा आहे आणि तिथे ती नियमाने जाते. आपल्याकडे यातलं काय आहे? पहिलं म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन जिल्ह्याच्या साध्या परवान्यावर घेताच येत नाही, तो वर्गच वेगळा आहे. दुसरं, काडतुसं. आम्हाला मिळतात ती बहुतेक खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान छापाची, तीही परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत. वर्ष-दोन वर्षं ती कपाटात पडून राहतात, पावसाळ्याची ओल खातात. सेमी-ऑटोमॅटिकला काडतूस ठरावीक ताकदीचं लागतं. एक दमट निघालं, बार फुसका गेला, की यंत्र तिथेच थांबतं. मग बाजूची मूठ मागे ओढा, अडकलेलं काढा, नवं आत घाला, तेही अंधारात. दुनळीत एक बार गेला नाही तर बोट दुसऱ्या चापावर न्यायचं, बस. दोन नळ्या म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बंदुकाच.

दुनळीची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती मोडून उघडली की भरलेली आहे की रिकामी, हे एका नजरेत दिसतं. अंधारात बोट घालूनही कळतं. नातवंडं असलेल्या घरात यापेक्षा मोठी सोय मला माहीत नाही. सेमी-ऑटोमॅटिकच्या नळीत एक आणि खालच्या नळकांड्यात चार-पाच काडतुसं असू शकतात. खालची सगळी काढली तरी नळीतलं राहून जातं. ज्याचा हात रोजचा नाही, त्याच्याकडून हेच राहून जातं.

म्हणून ज्यांच्याकडे परवाना आहे किंवा मिळणार आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की वेगाच्या मागे लागू नका. घरात रात्री जे माणूस असतं त्याच्या खांद्याला बंदूक लावून बघा. दस्ता लांब असेल तर परवानाधारक कारागिराकडून कापून घ्या. मी घेतला आहे आणि बंदूक आता अंगाला बसते. जुनी विलायती दुनळी वारशाने आली असेल तर तिचं काडतूस-घर किती लांब आहे ते तपासून घ्या. बऱ्याच जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनलेल्या असतात. आज मिळणारं ७० मिलिमीटरचं त्यात बसल्यासारखं वाटतं, पण उडताना त्याच्या तोंडाची घडी उलगडायला जागा पुरत नाही आणि नळीत दाब वाढतो. मालगुजारी काळातल्या वाड्यांतून अशा बंदुका अजून निघतात.

छऱ्यांबद्दलही मोठा गैरसमज आहे. बार काढला की छर्रे दारभर पसरतात, नेम धरावा लागत नाही, असं लोक खुशाल सांगतात. खोलीच्या अंतरावर बारा बोअरचे छर्रे तळहाताएवढ्या जागेतच जातात. नेम धरावाच लागतो. आणि एलजीचे मोठे छर्रे टिनाच्या पत्र्याला, कुडाच्या भिंतीला जुमानत नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धं घर अंगणात झोपतं, सालदार कोठ्याजवळ, पाहुणा ओसरीवर. समोरच्या माणसाच्या मागे काय आहे हे माहीत नसताना चाप ओढणं म्हणजे आपल्याच लेकरावर बार काढणं होऊ शकतं. म्हणून माझ्या उशाशी आधी बॅटरी असते. आधी उजेड, मग आवाज, मग ११२ ला फोन. दाराला आतून मजबूत अडसर आणि अंगणात कुत्रं, हे तर परवाना न लागणारं रक्षण आहे. बंदुकीची पाळी सगळ्यात शेवटी.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ त्याला वेसण घालतं : बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. कापसाचं गाठोडं टाकून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले तर त्याला कोणी बचाव म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. रक्षणासाठी दिलेल्या परवान्यावर वावरात शिरलेलं रानडुक्करही आपल्या मनाने मारता येत नाही. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिलीच पाहिजे. आपला हा भाग कर्जाने खचलेल्या माणसांचा आहे. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, चावी घरच्या बाईकडे ठेवा, असं आम्ही बचत गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगतो. बंदुकीचं त्याहून जास्त. माझी बंदूक भिंतीत बसवलेल्या लोखंडी कपाटात आहे, काडतुसं दुसऱ्या कुलपात आहेत आणि दोन्ही चाव्या माझ्याकडे असतात. चोर आला तर मला अर्धं मिनिट जास्त लागेल, हे मला कळतं. ते अर्धं मिनिट मी जाणूनबुजून ठेवलं आहे. ज्या घरात कोणी अबोल झाला आहे, जेवत नाही, रात्री उठून बसतो, त्या घरात बंदूक काही महिने बाहेर, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून ठेवावी.

आता शासनाकडे मागणं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये आजही लिहिलेलं आहे की निदान वीस इंच नळीच्या साध्या छऱ्याच्या बंदुकीसाठी नागरिकाने रक्षणाकरता अर्ज केला, आणि नाकारण्यासारखं कायदेशीर कारण नसलं, तर परवाना द्यावा. त्यात गडी की बाई असा भेद नाही. शेतवस्तीवर राहणाऱ्या बाईचा अर्ज आला तर "मुलाच्या नावावर करा" असं उत्तर तिला मिळू नये. चौकशी जरूर करा, कडक करा, घरात कोण पितं, कोणाचं भांडण आहे, सगळं बघा. पण रात्री घरात कोण असतं, हेही त्याच चौकशीत विचारा.

आणि शिकवा. २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्जदाराने शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे असं आहे. कागदावर प्रमाणपत्र येतं, पण बार किती जणांनी काढलेला असतो? माझ्या ओळखीतल्या कितीतरी परवानाधारकांनी बंदूक विकत घेतल्यापासून एकही काडतूस उडवलेलं नाही. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते, एवढाच तिचा प्रवास. जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर वर्षातून दोनदा, पेरणीच्या आधी आणि दिवाळीनंतर, परवानाधारकांसाठी सरावाचा दिवस ठेवावा. काडतुसाचे पैसे आम्ही देऊ. बंदूक तिथेच तपासली जाईल, कोणाची नळी गंजली आहे, कोणाचा चाप सैल आहे, कोणाचा हात थरथरतो, सगळं अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येईल. ज्याला झेपत नाही त्याचा परवाना तिथेच थांबवा, माझा असला तरी. यात बायकांसाठी वेगळी वेळ ठेवली तर आमच्यासारख्या पुढे येतील. गड्यांच्या घोळक्यात खांद्याला बंदूक लावायला आमच्याकडच्या सुना लाजतात.

सेमी-ऑटोमॅटिक मोकळी करायची की नाही, हा प्रश्न या सरावानंतर घ्यावा. तेव्हा निदान धक्का कोणाला सोसतो आणि कोणाला नाही, हे माहीत असलेली माणसं बोलतील. माझ्या वयाच्या बायकांसाठी कमी धक्क्याची वीस बोअरची (बारापेक्षा बारीक नळीची) दुनळी सहज मिळू लागली तर आमचं बहुतेक काम त्यातच भागेल, असं माझं मत आहे.

वर्धा जिल्ह्यात असा सरावाचा दिवस जाहीर झाला तर आपल्या दैनिकात तारीख ठळक छापावी, ही विनंती. सुनेच्या स्वतंत्र परवान्याचा अर्ज भरून तयार आहे. तिला घेऊन मी येईन.

आपली,
एक परवानाधारक शेतकरी
ता. समुद्रपूर, जि. वर्धा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये.)