पिकअपच्या टायरात हवा किती? दाराचं स्टिकर बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की आपल्या मराठवाड्यात एक सल्ला सगळीकडं सुरू होतो, पंक्चरच्या दुकानात, मोंढ्यात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, की ऊन लई वाढलंय, टायरात हवा कमी ठेवा नाहीतर टायर फुटंल. हा सल्ला साफ उलटा आहे, आणि मालवाहू पिकअपवाल्याच्या तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे पत्र लिहायलोय.

नुसत्या उन्हानं चांगला टायर फुटत नसतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, परत सरळ होते, परत दबते, आणि ह्या सततच्या वाकण्यातूनच टायरच्या आत उष्णता तयार होते. त्यात मागं सोयाबीनची पोती नाहीतर मोसंबीची कॅरेट रचलेली, खाली तापलेला रस्ता, मग आतली तार आणि रबर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि एका क्षणी टायर जातो. गावच्या रस्त्यावर खड्डे-स्पीडब्रेकरमुळं गाडी सारखी हळू होते, टायरला थोडा दम मिळतो. समृद्धीवर जालन्याहून चढलं की तासन् तास एकाच वेगात काँक्रीटवर पळायचं, तिथं कमी हवेचा टायर थंड व्हायला वेळच मिळत नाही.

मग बरोबर हवा किती? ह्याचं उत्तर पंक्चरवाल्याकडं नाही. आपल्याकडं बरेच जण टॉमी (लोखंडी दांडा) टायरवर मारून आवाजावरून सांगतात "बरोबर हाय, जाऊ द्या", आणि मालकबी विश्वास ठेवून निघतो. पण पिकअपचा मागचा टायर जाड असतो, त्यात १५ पौंड (हवेच्या दाबाचं माप, पीएसआय) कमी असले तरी रिकाम्या गाडीखाली तो तसाच टणक दिसतो. खरं उत्तर ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर किंवा दाराच्या आतल्या कडंला लावलेल्या स्टिकरवर असतं. तिथं टायरचा साइज, पुढच्या चाकाची हवा, मागच्या चाकाची हवा, आणि बऱ्याच पिकअपवर रिकामी आणि लोड असे वेगवेगळे आकडे असतात. जुनी गाडी घेतली असंल तर रंगकामात नाहीतर रेडियमच्या पट्टीखाली हे स्टिकर गेलेलं असतं, तेव्हा गाडीचं मॅन्युअल बघायचं, तेही नसंल तर शोरूमला मॉडेल सांगून विचारायचं. आकडा किलोपास्कल किंवा बारमध्ये असंल तर घाबरायचं काम नाही, १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पौंड, आणि १०० किलोपास्कल म्हणजेच १ बार.

टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो बघून हवा भरणारे लई आहेत, पण तो आकडा टायर जास्तीत जास्त वजन पेलतो तेव्हाचा असतो, तुमच्या गाडीसाठीचा नसतो. समजा टायरवर लोड इंडेक्स १०६ लिहिलाय, म्हणजे तो टायर ९५० किलो पेलतो, पण पूर्ण हवा असली तरच. हवा उतरली की पेलायची ताकद उतरली, कारण वजन उचलायचं काम रबर नाही, हवा करते. आणि कुणी साइज किंवा प्लाय (टायरच्या आतले थर) बदलून टायर टाकले असतील तर स्टिकरचा आकडा जशाला तसा चालत नाही, त्या टायर कंपनीचा वजन आणि हवेचा तक्ता विचारावा.

आता लोड आणि रिकामी गाडी हा घोळ. मोंढ्यात भरून जायचं आणि रिकामं परतायचं, प्रत्येक फेरीला हवा कमी-जास्त कुणी करणार नाही हे मला मान्य आहे. माझं मत असं की रोज माल वाहणाऱ्यानं मागं लोडचाच आकडा ठेवावा. रिकामी गाडी उडते, पावसात ब्रेक जपून मारावा लागतो, टायर मधोमध जास्त घासतो, हे खरं, पण कमी हवेवर लोड टाकणं त्याच्यापेक्षा लई धोक्याचं. आणि पासिंगपेक्षा जास्त माल भरला तर कुठलाच आकडा वाचवत नाही.

हवा बघायची ती सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, ऊन टायरवर यायच्या आत. स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो. चाललेल्या टायरात हवा चार-पाच पौंड वाढणारच, ती कंपनीनं आधीच धरलेली असते, तेव्हा दुपारी ढाब्यावर काटा लावून वाढलेली हवा सोडू नका. उलट तापलेल्या टायरात बरोबर स्टिकरएवढीच हवा दिसली तर समजा ती कमी आहे. तापमान १० अंशानं बदललं की पिकअपच्या मागच्या टायरात दोन-अडीच पौंडाचा फरक पडतो, म्हणून मे महिन्यात भरलेली हवा परभणीच्या डिसेंबरातल्या थंडीत पुरत नाही. स्टेपनीबी त्याच वेळी बघून घ्या.

नायट्रोजन भरला की बघायचं काम नाही, असंबी लोक सांगतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि नायट्रोजन भरलेला टायरबी उतरतो.

माझी मागणी सरळ आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला पाहिजे हा नियम आहे, पण काटा खरा दाखवतो का हे कोण बघतं? अनेक ठिकाणी पाइपाच्या काट्याची काच फुटलेली, आतला आकडा धुळीनं पुसलेला, सुई शून्यावर येतच नाही. वैधमापन खातं वजनकाटे आणि पेट्रोलचं माप तपासतं, तसेच हवेचे काटेही तपासावेत आणि तारखेचं लेबल लावावं. तोवर पिकअपवाल्यानं तीन-चारशे रुपयांचा स्वतःचा काटा डॅशबोर्डमध्ये ठेवावा.

आणि तुमच्या पेपरला एक विनंती. "टायर फुटून पिकअप उलटली" एवढ्यावर बातमी संपते. ह्या पिकअपमध्ये मागं आपलीच कामाला जाणारी बायामाणसं, लेकरं बसलेली असतात, बसायला नको पण बसतात, हे तुमच्या वार्ताहरांनाही माहीत आहे. तेव्हा पोलिसांना आणि आरटीओला एवढं विचारत जा की टायर किती सालचा होता, माल किती होता, बाकीच्या तीन टायरांत हवा किती निघाली. टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, तो फुटलेल्या टायरवरही बहुतेक वेळा वाचता येतो. तेवढं बातमीत छापा.

आपला नियमित वाचक,
एक पिकअप मालक, जि. लातूर