आजीची बाजरी आणि दोन अंडी

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

सलाम.

येत्या बुधवारी आजीला जाऊन वर्ष होईल. फोनवर हा विषय निघाला की तिघांचेही आवाज बसतात, आणि मग आपण पावसाचं बोलतो. म्हणून लिहायला बसले.

तिचं बायबल मी इकडे आणलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. काल रात्रपाळी करून आले आणि उघडलं. स्तोत्रांच्या पानांमध्ये, अगदी शिवणीपाशी, बाजरीचा बारीक कोंडा अडकलाय. झटकायला गेले आणि हात थांबला. खळ्यावरून यायची, हात पदराला पुसायची आणि चहा होईपर्यंत तशीच वाचत बसायची. एकशे सव्विसावं स्तोत्र तर पार मळलंय. रडत पेरणाऱ्यांचं आणि हसत कापणाऱ्यांचं.

आई, तू लग्न होऊन आलीस तेव्हा आजीने तुला पहिल्यांदा काय शिकवलं, ते तू मला कितीदा सांगितलंस. रास झाली की आधी देवाचं सूप. कणगीत दाणा पडायच्या आत, घरच्यांनी भाकरीला पीठ घ्यायच्या आत. तेही तळातलं कोंडा-खडा असलेलं चालायचं नाही. राशीच्या मध्यात हात खुपसून टपोरा, हिरवट दाणा काढायची, सूप तिरकं धरून पाखडायची, आणि ते पोतं देवळातल्या हंगामाच्या सणापर्यंत उतरंडीशेजारी उभं. त्याला कुणी हात लावायचा नाही. मी लहानपणी त्यातली मूठभर बाजरी चिमण्यांना टाकली होती, तेव्हा ती रागावली नाही. कणगीतली मूठ आणून परत त्यात घातली, एवढंच.

लोक आपल्याला बोलायचे, अजूनही बोलतात, की तुमचे वाडवडील पोटासाठी ख्रिस्ती झाले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर आपल्या नगर जिल्ह्यात अनेक गावांतली कुटुंबं ख्रिस्ती मिशनकडे वळली, हे खरंच आहे. मी शाळेत हे ऐकून रडत घरी आले होते. आजीने माझं दप्तर काढून ठेवलं आणि म्हणाली, "भाकर तर खाल्लीच असंल. पण माझ्या आज्याला अक्षर कुणी दिलं?" तिचे वडील पाभर धरायचे आणि रविवारी देवळात शास्त्रपाठ वाचायचे. ती स्वतः मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली, पुढे बैलांमागे आणि मोटेवर गेली. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती पदं तिला टाळ धरून तोंडपाठ म्हणता यायची. खुरपताना ती म्हणायची आणि शेजारच्या वावरातल्या वारकरी बाया त्यात सूर मिसळायच्या. चाल त्यांच्याच ओळखीची होती ना.

बाबा, आता तुमच्यासाठी.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आठ-नऊ वर्षांचे होता. आजी खडी फोडायला जायची, तिथे मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून तुमच्यासाठी आणायची, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, तांबड्या भाकरी व्हायच्या, हे सगळं तुम्ही सांगता. आणि अंड्यांची गोष्टही सांगता. त्या साली रास नव्हती, सूप भरायला काही नव्हतं. एक कोंबडी तेवढी जगली होती. तिची दोन अंडी आजीने सणाला देवळात नेऊन दानात ठेवली. तुम्हाला त्यातलं एक हवं होतं. तुम्ही देवळापासून घरापर्यंत रडत आलात. तुम्ही ही गोष्ट नेहमी हसत सांगता आणि शेवटी म्हणता, "अशी होती बाई." मी मात्र कधी हसू शकले नाही. आजीवर माझा केवढा जीव, पण मला कायम वाटायचं, एक अंडं तुम्हाला द्यायला हवं होतं.

शेवटच्या महिन्यात मी रजा काढून आले होते ना, तेव्हा एका रात्री मी तिला वाचून दाखवत होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी माझा एक शब्द चुकला तर लगेच दुरुस्त करायची. मध्येच म्हणाली, "थांब." मग बराच वेळ बोलली नाही. मी पाणी पाजलं. आणि ती म्हणाली, "त्या साली पोराला एक द्यायला पायजे होतं. देवाला एक पुरलं असतं." तुम्ही ओट्यावर झोपला होता. मी म्हटलं, बाबांना उठवू का? तर म्हणाली, "नको, दिवसभर दमलाय."

सकाळी सांगू म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी तिचा ताप वाढला, मग गडबडच झाली, आणि नंतर माझी हिंमत झाली नाही. वर्षभर मी हे मनात धरून आहे. तुमच्या वाट्याचं होतं, ते माझ्याकडे राहिलं. माफ करा.

आईकडून कळलं की तुमचे गुडघे फार दुखतात आणि यंदा देवाचं पोतं कुणाकडून पोचवावं, याची तुम्हाला काळजी आहे. मी येतेय. सणाच्या दोन दिवस आधीच येते, रजेचा अर्ज दिलाय. पोतं मी सुनीलच्या गाडीवरून नेईन. पण सूप तुम्हीच पाखडा, राशीच्या मधलं, आई बाजूला बसेल. दानात आलेल्या वस्तूंच्या लिलावात भोपळा कुणी कितीला घेतो, ते बघायला तुम्ही दोघंही पुढे बसायचं. पाळकसाहेबांना मी खुर्च्या ठेवायला सांगते.

आणि आई, आदल्या दिवशीची अंडी दुकानात देऊ नकोस. दोन बाजूला ठेव. एक मी देवळात नेईन. दुसरं उकडून, मीठ-मिरपूड लावून बाबांना दे, देवळातून आल्याबरोबर.

गोळ्या वेळेवर घ्या. रात्री ओट्यावर झोपू नका, आता गार पडतंय.

तुमची,
ताई